साठ की आठ?

फ्रेम रिले आता कुणालाच शिकावं लागत नाही. २०१६ साली सिस्कोने सीसीएनएचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा त्यातून ते गळलं, आणि माझी परीक्षा त्यानंतरची. त्यामुळे डीएलसीआय, एलएमआय, बीईसीएन वगैरे मंडळींशी माझी ओळख फक्त सिनियर लोकांच्या आठवणींतून. असं असताना गेले तीन वीकेंड मी घरात तीन जुने राउटर, दोन बीटेलचे फोन आणि केबलींचं जंजाळ मांडून बसले आहे. राउटर चालू केले की पंख्यांचा असा आवाज होतो की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, "मिक्सर बिघडलाय का गं?"

हे सगळं एका 'साठ'मुळे. म्हणजे खरं तर एका 'आठ'मुळे. सांगते.

आमच्या टीममध्ये एक सिनियर आहेत, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना सरच म्हणतात. एकदा जेवताना एका क्लायंटच्या ब्रँचमधले कॉल तुटतात यावर चर्चा चालली होती. लिंक ५० एमबीपीएसची, फोन मोजून सहा, तरी संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की बोलणं तुटायला लागतं. नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "बँडविड्थ वाढवायला सांगा त्यांना." सर डब्यातली उसळ ढवळत म्हणाले, "आम्ही ६४ केबीपीएसवर दोन फोन आणि अख्ख्या कारखान्याचा डेटा चालवलाय."

पोरं हसली.

"हसू नका रे. एका माणसाला त्यापायी मेमो मिळाला होता."

गोष्ट १९९९-२००० च्या सुमाराची. सर तेव्हा एका केमिकल कंपनीत नवीनच लागले होते. हेड ऑफिस मुंबईत, कारखाना तीन-चारशे किलोमीटरवरच्या एका एमआयडीसीत. दोन्हींच्या मध्ये ६४ केबीपीएसची फ्रेम रिलेची जोडणी, स्टॉक आणि हिशोबाचा डेटा जाण्यासाठी घेतलेली. आणि त्याशिवाय दिवसभर चालणारे एसटीडी फोन. त्या काळी हजार किलोमीटरच्या पुढचा एसटीडी दिवसा मिनिटाला पंचवीस-तीस रुपये पडायचा. कारखाना त्याहून जवळ होता म्हणून दर कमी, पण सेल्सवाले आणि स्टोअर्सवाले दिवसातून तीस-चाळीस वेळा बोलणार म्हटल्यावर बिल बघून अकाउंट्सचे साहेब घामाघूम व्हायचे. (भारतभर एक रुपयात एक मिनिट ही चैन २००६ साली बीएसएनएल-एमटीएनएलच्या योजनेने आली. माझ्या पिढीला एसटीडी म्हणजे पिवळी पाटी आणि काचेची खोली एवढंच आठवतं.) मग साहेबांना कळलं की हाच फोन डेटाच्या लाइनवरून नेता येतो, लाइनचे पैसे तर आपण भरतोच आहोत. झालं. दोन्हीकडे नवे राउटर आले, ते ईपीएबीएक्सला जोडले, मुंबईतून एक आकडा फिरवला की थेट कारखान्याचं एक्स्टेन्शन. पेढे वाटले गेले म्हणे.

तीनेक महिन्यांनी सेल्समधून स्टोअर्सला फोन गेला, अमुक गिऱ्हाइकाला साठ ड्रम पाठवा. स्टोअर्सच्या क्लार्कने रजिस्टरमध्ये लिहिलं, ८. ट्रक आठ ड्रम घेऊन निघाला. गिऱ्हाइकाचं प्रॉडक्शन दोन दिवस बंद. चौकशी झाली. सेल्सचा माणूस म्हणतो मी साठ म्हणालो, क्लार्क म्हणतो मी आठ ऐकलं. दोघंही शपथेवर. फोनवर कुणी संशयच घेतला नाही, कारण फोन नवा होता, आवाज स्वच्छ येत होता, आणि क्लार्क मात्र बावीस वर्षं जुना होता. मेमो त्याला मिळाला. "ऐकण्यात निष्काळजीपणा."

"आणि सर, चूक फोनची होती?"

"हो. मला सहा महिन्यांनी कळलं."

"काय होतं नक्की?"

सरांनी डबा बंद केला. "तूच शोध की. राउटर मिळवून देतो." ऑफिसच्या भंगारात निघालेले तीन सिस्को २६००, रीतसर पावती करून, पुढच्या शुक्रवारी माझ्या गाडीच्या डिकीत आले. सोबत फोन लावायची कार्डं. ती महत्त्वाची, कारण नेटवर्कची बाकी प्रॅक्टिस लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये होते, पण आवाजाची चिप त्यात नसते. त्याला खरं लोखंडच लागतं.

आता थोडं फ्रेम रिलेबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याच्या आधी एक्स.२५ होतं. ते जन्मलं खराब तारांच्या जमान्यात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तपासणी, पोच, चुकलं तर पुन्हा पाठवणी. सरकारी कचेरीतल्या फाइलसारखं, दर टेबलावर सही. तारा सुधारल्यावर लोकांना वाटलं, एवढी तपासणी कशाला? फ्रेम रिलेने ती काढून टाकली. फ्रेम खराब दिसली की फेकून द्यायची, कुणाला काही सांगायचं नाही. ज्याला परत हवी असेल तो टोकाचा संगणक मागून घेईल. १९९० साली सिस्को, डिजिटल, नॉर्दर्न टेलिकॉम आणि स्ट्रॅटाकॉम या चार कंपन्यांनी एकत्र येऊन त्याला धक्का दिला आणि पुढची दहा-पंधरा वर्षं जगभरच्या कंपन्यांची ऑफिसं यावर जोडली गेली. दोन ऑफिसांमध्ये खरी तार नसते. सर्व्हिस देणाऱ्याच्या जाळ्यातून एक कायमची वाट आखलेली असते, तिला पीव्हीसी म्हणतात, आणि तिच्या टोकाला एक नंबर असतो, डीएलसीआय. हा नंबर फक्त त्या टोकापुरता. आमच्या गल्लीत 'कोपऱ्यावरचं दुकान' म्हटलं की सगळ्यांना कळतं, पुढच्या गल्लीत तेच शब्द दुसऱ्या दुकानाला लागू, तसं.

घरी मी मधल्या राउटरला एक्स्चेंज बनवला. डावीकडे डीएलसीआय १००, उजवीकडे २००, घड्याळ ६४,००० वर. डावा राउटर माझ्या खोलीत, उजवा स्वयंपाकघराच्या दाराशी. माझा फोन १०१, आईचा २०१. फोन वाजवायच्या आधी एक बारीकशी सेटिंग करावी लागते, देशाची. ती केली नाही तर अमेरिकन घंटी वाजते, लांबलचक एकच, मग लांबलचक शांतता. भारत निवडल्यावर आपली दुहेरी ट्रिंग-ट्रिंग आली. आई लगेच म्हणाली, "हा आपला फोन!" पहिला कॉल लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय बोलायचं हेच सुचेना. आईनेच विचारलं, "कोण बोलतंय?" मी सहा फुटांवर होते.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा, 'साठ'चा 'स' कुणी खाल्ला?

पहिला संशयित, कोडेक. साध्या टेलिफोनचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजतात, प्रत्येक मोजणी आठ बिटांची, म्हणून ६४ केबीपीएस. म्हणजे सरांची अख्खी लाइन एकाच कॉलमध्ये संपली असती! म्हणून आवाज दाबावा लागतो. जी.७२९ नावाचा कोडेक, १९९६ चा, तोच आवाज ८ केबीपीएसमध्ये बसवतो. त्याची युक्ती मला भारी वाटते. तो आवाजाची लाट पाठवतच नाही. बोलताना गळा-तोंडाचा आकार कसा होता आणि त्यातून हवा कशी सुटली याचं वर्णन पाठवतो, आणि पलीकडचा राउटर त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. म्हणूनच माणसाचं बोलणं छान जातं आणि होल्डवरचं संगीत पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. फॅक्स तर त्यातून जातच नाही, त्याला वेगळी सोय करावी लागते. एखादं पॅकेट हरवलं तर हा आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून भोक बुजवतो. वीस मिलिसेकंदांचं भोक कानाला कळतही नाही.

डोक्यावरचा बोजा मात्र बघण्यासारखा असतो. हाच आवाज आयपीवरून नेला तर २० बाइटच्या आवाजाला ४० बाइटचं शीर्षक लागतं. वीस ग्रॅमच्या पत्राला चाळीस ग्रॅमचं पाकीट! हिशोब केला तर एक कॉल २६ केबीपीएसच्या आसपास जातो. फ्रेम रिलेवर थेट आवाज भरायची पद्धत १९९७ साली ठरली, एफआरएफ.११ नावाने. त्यात पाकीट इतकं बारीक की कॉल दहा-अकरा केबीपीएसमध्ये बसतो. दोन फोन, बावीस. उरलेले चाळीसेक कारखान्याच्या डेटाला. सर थापा मारत नव्हते.

कोडेक निर्दोष. मी आईला 'साठ' म्हटलं, तिने 'साठ' ऐकलं.

दुसरा संशयित मात्र गुन्हेगार वाटण्यासारखाच आहे. तो म्हणजे मालगाडी.

रेल्वे फाटकाशी ॲम्ब्युलन्स येऊन थांबली आहे अशी कल्पना करा. तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलंय, रस्ता मोकळा ठेवलाय, सगळे बाजूला सरकलेत. पण समोरून मालगाडी चालली आहे. डबे, डबे, डबे. ॲम्ब्युलन्सचा नंबर पहिला असून उपयोग काय? आमच्या पॅकेटचं तसंच होतं. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम दिला, रांगेत सगळ्यात पुढे ठेवलं, तरी १५०० बाइटचं डेटा पॅकेट एकदा तारेवर चढलं की ते पूर्ण उतरेपर्यंत थांबावंच लागतं. ६४ केबीपीएसवर १५०० बाइट उतरायला १८७ मिलिसेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येतं. म्हणजे एका मालगाडीमागे नऊ ॲम्ब्युलन्स! आयटीयूच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. इथे एका फाटकावरच तो संपला.

हे मला ऐकायचं होतं. म्हणून मुद्दाम तुकडे करायची सोय बंद ठेवली, एका बाजूने १५०० बाइटच्या पिंगचा मारा सुरू केला आणि आईला म्हटलं, "पाढे म्हण."

"कितीचा?"

"कितीचाही."

ती बेचा म्हणायला लागली. "बे एके बे, बे दु.... चार, बे .... हा, बे चोक...." मग एकदम तीन शब्द एकमेकांवर आपटून आले, मग शांतता, मग "अगं ऐकू येतंय का तुला?" हे शेवटचं मला फोनवरून नाही, दारातून ऐकू आलं.

उपाय नावापुरता सोपा. मालगाडीचे डबे सुटे करायचे. एफआरएफ.१२, हेही १९९७ चंच. मोठ्या फ्रेमचे तुकडे पाडायचे, ६४ केबीपीएसला ८० बाइटचा एक, म्हणजे प्रत्येक तुकडा दहा मिलिसेकंदांत उतरतो आणि दोन तुकड्यांच्या मधून आवाज निसटतो. यात एक खोच आहे. तुकड्याचा आकार ठरवायचा तो वाटेतल्या सगळ्यात हळू टोकावरून. हेड ऑफिसला २ एमबीपीएसचा पोर्ट आहे म्हणून तिथे मोठे तुकडे ठेवले तर ते ब्रँचच्या ६४ च्या तोंडाशी येऊन पुन्हा मालगाडीच होतात, आणि तीही आपल्या हाताबाहेरच्या, सर्व्हिस देणाऱ्याच्या स्विचमध्ये. मी ८० लावलं, पिंगचा मारा तसाच ठेवला, आणि आईचा पाढा वीसपर्यंत सुरळीत आला. मग तिने न सांगता तीनचा सुरू केला.

(आमच्या त्या ५० एमबीपीएसवाल्या क्लायंटचं दुखणं याच जातीचं, फक्त पत्ता वेगळा. एवढ्या वेगाला एक पॅकेट पाव मिलिसेकंदात उतरतं, पण बॅकअप पलीकडच्या मोडेमची भली मोठी रांग काठोकाठ भरून टाकतो आणि आवाज तिच्या शेपटाला उभा राहतो. बँडविड्थ दुप्पट केली तर बॅकअपही दुप्पट वेगाने रांग भरतो. रांग आपल्या राउटरमध्ये आणायची, म्हणजे आपणच ५० च्या थोडं खाली वेग बांधायचा, आणि आवाजाला पुढे काढायचं. हे मी मेलमध्ये लिहून पाठवलं. त्यांनी १०० एमबीपीएस घेतलं. असो.)

तिसरा संशयित सीआयआर. फ्रेम रिले घेताना पोर्टचा वेग एक असतो आणि हमीचा वेग दुसरा. हमी ३२ ची, पोर्ट ६४ चा. वरचं पाठवायला कुणी अडवत नाही, पण त्या फ्रेमवर एक खूण पडते, 'गरज पडल्यास टाकून द्या'. स्लीपरमध्ये वेटिंगच्या तिकिटावर चढल्यासारखं. गाडी रिकामी असेल तर कल्याणपासून नागपूरपर्यंत आरामात झोपून जाल, आणि टीसी आला की पहिली गदा तुमच्यावर. डेटाला हे चालतं, उतरवलं तर पुढची गाडी पकडतो. आवाजाला पुढची गाडीच नसते. म्हणून आवाज असलेल्या वाटेवर हमीच्या वर जायचंच नाही असा शिस्तीचा नियम, आणि गंमत म्हणजे तो डेटालाही पाळावा लागतो, कारण जाळ्यात आपली रांग तुंबली तर तिच्यात आवाजही अडकतो. कित्येक मॅनेजरांना हे पटायचं नाही, सर म्हणाले. "फुकट मिळणारे ३२ का सोडायचे?" अमेरिकेत तर शून्य सीआयआरचीही सेवा विकली जायची, म्हणजे अख्खी गाडीच वेटिंगवर!

शिवाय हमीत राहण्यासाठी राउटर जी लगाम लावतो तिचं माप सव्वाशे मिलिसेकंदांचं असतं. ३२ च्या हमीवर, ६४ च्या तारेवर तो पहिल्या ६२ मिलिसेकंदांत सगळा कोटा उधळतो आणि पुढचे ६२ गप्प बसतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पगार संपवणाऱ्या आमच्या फ्लॅटमेटसारखं. आवाजासाठी हे माप दहा मिलिसेकंदांपर्यंत खाली आणावं लागतं. माझ्या घरच्या एक्स्चेंजला गर्दी नावाची गोष्टच नसल्याने हा भाग मी कागदावरच सोडवला.

पण इथपर्यंत आल्यावर मला जाणवलं की दुसरा आणि तिसरा दोघंही निर्दोष असणार. का? कारण त्यांचे घाव कुठेही पडतात. मालगाडी आली तर 'साठ ड्रम पाठवा'मधलं 'ड्रम'ही जाईल, 'पाठ'ही जाईल. ऐकणाऱ्याला कळतं की तुटतंय, तो म्हणतो "पुन्हा बोला." क्लार्कला तसं काहीच वाटलं नव्हतं. त्याला स्वच्छ, ठणठणीत 'आठ' ऐकू आलं होतं. म्हणजे खाणारा फक्त सुरुवात खात होता, आणि खाल्ल्याची खूण मागे ठेवत नव्हता.

तेव्हा डायल पिअरच्या सेटिंगमध्ये एक तीन अक्षरी गोष्ट दिसली, जी आपण बंद केली नाही तर चालूच असते. व्हीएडी.

फोनवर एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. म्हणजे प्रत्येक बाजू निम्म्याहून जास्त वेळ गप्प असते. त्या गप्प बसण्याची पॅकेटं कशाला पाठवायची? राउटर आवाजाची पातळी बघतो, शांतता वाटली की पाठवणं थांबवतो. सिस्कोचाच आकडा असा की याने सरासरी ३५ टक्क्यांपर्यंत बँडविड्थ वाचते, पण चोवीसहून जास्त कॉल एका वेळी चालू असतील तर. दोन फोनच्या लाइनवर वाचून वाचणार काय? दोघं एकदम बोलू लागले तर जागा ठेवावीच लागते. पण चालू आलं ते चालू राहिलं.

आणि एक गंमत. खरोखरची शांतता पाठवली तर माणसाला वाटतं फोन कट झाला, तो "हॅलो? हॅलो?" करायला लागतो. म्हणून पलीकडचा राउटर स्वतःच्या मनाने हलकीशी खरखर तयार करून ऐकवतो. त्यामुळे मध्ये काही गाळलंय हे ऐकणाऱ्याला कळायची सोयच राहत नाही. खूण पुसायची व्यवस्थासुद्धा आहे म्हणजे!

आता 'स'कडे बघा. 'स' ही अक्षरशः हवा. त्याची बरीचशी ताकद ४ किलोहर्ट्झच्या वर असते आणि टेलिफोनचा आवाज ३४०० हर्ट्झलाच कापलेला. म्हणजे साध्या फोनवरही 'स' अर्धमेलाच पोचतो, आपण संदर्भाने त्याला पूर्ण करतो. (हल्लीच्या व्होल्टी कॉलवर आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जातो, तिथे 'स' आणि 'फ'मधला फरक कानाला लगेच कळतो.) हा अर्धमेला 'स' शांततेनंतर लगेच आला तर राउटरला तो बोलणं वाटतच नाही. बोलणं सुरू झाल्याचं त्याला कळतं ते 'आ' कानावर आदळल्यावर. तोपर्यंत 'स' गेला. भोक बुजवणारा कोडेकही इथे काही करू शकत नाही, कारण त्याच्या लेखी काही हरवलेलंच नाही. आणि आपल्या भाषेची कमाल अशी की 'साठ'मधून 'स' गेला तर खाली पडत नाही, दुसरा धडधाकट आकडा शिल्लक राहतो. इंग्रजीत 'सिक्स्टी'चा 'स' गेला असता तर 'इक्स्टी' उरलं असतं आणि क्लार्कने विचारलं असतं, काय?

हे सगळं कागदावर छान. प्रत्यक्षात आईचा 'साठ' माझ्याकडे 'साठ'च येत होता. पाढे म्हणताना तर काहीच कापलं जात नव्हतं, कारण बोलणं थांबल्यावरही राउटर क्षणभर दार उघडं ठेवतो. मी थांबून थांबून आकडे म्हणायला सांगितले. तरी नाही. कंटाळून मी म्हटलं, आता मी बोलते, तू लिही. पाच-पाच सेकंद थांबत मी आकडे म्हणत गेले. साठ, बारा, सत्तर, साठ, वीस. मग स्वयंपाकघरात जाऊन वहीत पाहिलं. 'आठ, बारा, अत्तर (?), साठ, वीस.'

"अत्तर काय आई?"

"मला काय माहीत, तूच म्हणालीस."

एका बाजूने कापतंय, दुसऱ्या बाजूने नाही. दोन्हीकडची सेटिंग अक्षर न् अक्षर तीच. मी रात्री एकपर्यंत दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघत होते. शेवटी राउटर बंद केले, पंखे थांबले, आणि त्या शांततेत उत्तर मिळालं. माझ्या खोलीत तीनपैकी दोन राउटर घोंघावत होते. व्हीएडी शांतता कशाला म्हणायचं ते आजूबाजूच्या आवाजावरून ठरवतो. मागे सतत घरघर असेल तर तो उंबरठा वर उचलतो आणि मग बिचारा 'स' त्या घरघरीतलाच वाटतो. दुसऱ्या दिवशी मी फोनची तार लांबवून गॅलरीत गेले, तिथून 'साठ' म्हटलं. वहीत 'साठ'. खोलीत परत आले. दोनदा 'साठ', एकदा 'आठ'. दर वेळी कापत नाही, हेच तर वाईट. व्हीएडी बंद केला, खोलीतूनच वीस वेळा म्हटलं. वीसही 'साठ'. आई म्हणाली, आता पुरे, कुकर लावायचाय.

सोमवारी सरांना सांगितलं. मी व्हीएडी म्हणताच ते हसले, पण पंख्यांचं सांगितल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "सेल्सवाल्यांच्या डोक्यावर विंडो एसी होता. जुना, खडखडणारा. मी तो मुद्दा कधी धरलाच नव्हता. मला वाटायचं तो माणूस पुटपुटतो."

त्यांना सहा महिन्यांनी कसं कळलं, तर दुसऱ्या एका कारणाने ते लाइनवर कान लावून बसले होते आणि 'सकाळी'चं 'अकाळी' ऐकू आलं. व्हीएडी बंद केला, विषय संपला. त्यांनी पर्सोनेलला एक पानी टिपण लिहून दिलं, की दोष यंत्राचा होता, मेमो मागे घ्यावा. त्याची पोच मिळाली, उत्तर नाही. टिपण इंग्रजीत, त्यात व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शन, थ्रेशोल्ड वगैरे शब्द. कुणाला काय कळलं असेल? मेमो सर्व्हिस बुकात राहिला आणि त्या वर्षीची क्लार्कची बढती दुसऱ्याला गेली.

"त्यांना तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, साहेब, मी काय ऐकलं ते मला माहीतच होतं."

त्याने मात्र त्या फोनवर पुन्हा भरवसा ठेवला नाही. मेमो आला त्या दिवसापासून पलीकडून कुणीही 'साठ' म्हणो की 'आठ', हा विचारायचा, "सहावर शून्य की नुसता आठ?" त्याच्याखाली शिकलेली पोरंही तेच विचारायला लागली. फ्रेम रिले पुढे गेलं, एमपीएलएस आलं, मग फायबर. सर ती नोकरी सोडल्यावर कितीतरी वर्षांनी, २०१४ साली, कामानिमित्त त्या कारखान्यात गेले होते. स्टोअर्सच्या खिडकीशी एक पंचविशीचा मुलगा मोबाइलवर ऑर्डर घेत होता आणि म्हणत होता, "सहावर शून्य ना?"

सरांनी त्याला विचारलं, असं का विचारतोस?

तो म्हणाला, "इथे असंच विचारतात."